बॅच फाईलने फोल्डरांची नावं बदलणं : आमच्या छापखान्यातला दोन वर्षांचा अनुभव

बेळगावात शहापूरला आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका हे मुख्य काम. त्याच्या जोडीला मंडळांची पावती पुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल आणि तालुक्यातल्या गावांच्या लक्ष्मी यात्रेची निमंत्रणं. सासरे खिळे जुळवायचे आणि ट्रेडलवर छापायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये डॉस आणि वर्डस्टार शिकून आले होते, म्हणून संगणकाची बाजू पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

आज ज्याबद्दल लिहिते आहे ती वस्तू विकत घ्यावी लागत नाही. विंडोज असलेल्या प्रत्येक संगणकात ती असतेच. काळ्या खिडकीचा कमांड प्रॉम्प्ट, आणि त्याला ओळीने आज्ञा देणारी साधी मजकुराची बॅच फाईल. मी ती एकाच कामाला जुंपली, फोल्डरांची नावं घाऊक बदलायला. दोन वर्षांत सुमारे 3,400 फोल्डरांना नवी नावं दिली. त्यातली काही दोनदा बदलावी लागली, तेही सांगते.

आधी आमच्या हार्ड डिस्कची अवस्था सांगायला हवी. 15 वर्षांत आमच्याकडे तीन ऑपरेटर झाले. पहिला खानापूर तालुक्यातला. तो आडनाव लिहायचा आणि पुढे तारीख, आपण बोलतो तशी, आधी दिवस मग महिना. दुसरा गोकाककडचा, घरची भाषा कन्नड. अतिशय स्वच्छ हाताचा मुलगा, त्याने केलेली अक्षरजुळणी मला परत तपासावी लागत नसे. पण त्याने प्रत्येक लग्नाच्या फोल्डरला ‘मदुवे’ लिहिलं. त्याच्या भाषेत लग्न म्हणजे मदुवे, त्याचं काहीच चुकलं नाही. तिसरी मुलगी आली ती लग्नपत्रिकेला दोन इंग्रजी अक्षरांत ‘एलपी’ म्हणायची. म्हणजे एकाच प्रकारचं काम ‘लग्न’, ‘मदुवे’, ‘एलपी’, मध्येच ‘वेडिंग’ अशा नावांनी पडलेलं. शिवाय ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘नवीन फायनल’, ‘अर्जंट!!’ हे सगळ्या छापखान्यांत असतं तसं आमच्यातही होतंच.

गावांची नावं ही आणखी वेगळी गोष्ट. येळ्ळूर इंग्रजीत लिहायचं तर दोन स्पेलिंगं, उचगावची दोन, बेळगुंदीची तीन. बेळगावचं बघा. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारने राज्यातल्या 12 शहरांची इंग्रजी नावं बदलली, त्यात आमच्या शहराचं नाव कागदोपत्री बेळगावी झालं. त्याआधीच्या फोल्डरांवर ‘बेलगाम’चं जुनं इंग्रजी स्पेलिंग, नंतरच्यांवर नवं, आणि जो ऑपरेटर बोलतो तसं लिहायचा त्याच्या फोल्डरांवर ‘बेळगाव’. एखाद्या मंडळाची पावती शोधायची तर तीनदा शोधावं लागायचं, आणि तीनदा शोधूनही सापडली नाही तर ती नाहीच आहे की चौथ्या स्पेलिंगखाली आहे हे कळायला मार्ग नव्हता.

एका मार्चमध्ये, ऐन लग्नसराईत, उचगावच्या एक बाई आल्या. “वैनी, थोरलीची पत्रिका तुमच्यातच केलती. धाकटीचीबी तसलीच द्या करून.” त्यांच्याजवळ जुन्या पत्रिकेची प्रत नव्हती. आम्ही 40 मिनिटं शोधलं, त्या बाकावर बसून राहिल्या. शेवटी नव्याने जुळवून दिली. दोन तासांचं काम, आणि ते पैसे त्यांच्याकडून घेणं मला बरं वाटलं नाही. त्याच आषाढात, पाऊस धरला आणि गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा मी हे काम काढलं.

पहिला दिवस हाताने केला. एफ2 दाबायचं, नाव लिहायचं, एंटर. दिवसात 200 होतात आणि दुपारनंतर चुका सुरू होतात. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो बघत उभा होता. “आत्या, कशाला हातानं करत बसलीस? दोन मिनिटात होतंय की.” त्याने तिथेच बसून बॅच फाईल लिहिली. ‘फॉर /डी’ ही आज्ञा एकेक फोल्डर हातात घेते, त्याच्या नावात जिथे ‘एलपी’ आहे तिथे ‘लग्न’चं इंग्रजी स्पेलिंग घालते आणि ‘रेन’ ही आज्ञा नाव बदलते. ‘रेन’ मला नवीन नव्हती. 1981 च्या पहिल्या डॉसपासून ती आहे, आणि इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही ती आठ अक्षरांच्या नावांवर शिकलो होतो. फाईल चालवली, 600 फोल्डरं मिनिटभरात झाली. मी खूश झाले आणि भाच्याला कुंदा खाऊ घातला.

नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न होऊन पत्रिका सुरू झाल्यावर एका गिऱ्हाइकासाठी मी ‘शिल्पा’ शोधलं. एकही मिळाली नाही. 15 वर्षांत आमच्याकडे शिल्पा नावाची एकही नवरी झाली नाही हे शक्यच नव्हतं. फोल्डरं उघडून खाली खाली जाऊन बघितलं तेव्हा एका फोल्डरवर ‘शिलग्ना’ असं नाव दिसलं. थोडं खाली ‘कलग्नना’. शिल्पा आणि कल्पना ही नावं इंग्रजीत लिहिली की एल आणि पी शेजारी येतात. भाच्याला वाटलं होतं की मोठ्या लिपीतलं एलपीच बदलेल. पण बॅच फाईलची ही बदलाची सोय लहान-मोठी अक्षरं एकच धरते. तिने प्रत्येक शिल्पाच्या पोटात लग्न घातलं होतं.

मला ते बघून फार वाईट वाटलं. आमच्या धंद्यात नावाला किती जपतात हे बाहेरच्यांना कळायचं नाही. पत्रिकेवर वेलांटी चुकली तर आम्ही अख्खा गठ्ठा परत छापतो. आणि इथे मी स्वतः बटण दाबून 31 मुलींची नावं मोडली होती, तीन महिने मला कळलंही नव्हतं.

त्याच फाईलमध्ये दुसरी खोच निघाली. तारीख दोन आकडी करायला भाच्याने ‘सेट /ए’ हा हिशेबाचा मार्ग वापरला होता. या हिशेबात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा धरला जातो, आणि त्या पद्धतीत 8 आणि 9 हे अंकच नाहीत. 01 ते 07 सुरळीत गेले. 08 आणि 09 आले की चूक झाल्याचा संदेश यायचा, तो वाचायला कोणी बसलेलं नव्हतं, आणि तारखेच्या जागी आधीच्या फोल्डरची तारीख तशीच राहायची. त्यामुळे 8 आणि 9 तारखेची लग्नं भलत्याच दिवसांवर गेली. यावर उपाय अगदी सोपा आहे. हिशेब करायचाच नाही, आकड्याला अक्षरं समजायचं. पुढे एक शून्य चिकटवायचं आणि मागून दोन अक्षरं घ्यायची. ‘8’ असो, ‘08’ असो की ‘12’ असो, उत्तर बरोबर येतं.

तिसरं, ‘अर्जंट!!’वाली सगळी फोल्डरं जशीच्या तशी राहिली होती. त्या फाईलमध्ये एक सोय चालू केलेली होती जिच्यात उद्गारचिन्हाला वेगळा अर्थ असतो. नावातली उद्गारचिन्हं ती गिळते आणि मग त्या नावाचं फोल्डर सापडत नाही म्हणते.

इथे बरेच जण बॅच फाईलला नावं ठेवतील आणि दुसरं सॉफ्टवेअर शोधतील. मीही शोधलं. पण त्याआधी ‘शिलग्ना’ परत शिल्पा कशी करायची हा प्रश्न होता, आणि तो सोडवताना मला या वस्तूचा खरा उपयोग कळला.

आमच्या सुदैवाने आदल्या दिवाळीतला बॅकअप वेगळ्या डिस्कवर होता. त्यातली जुनी नावं यादी करून काढली, आत्ताची नावं दुसऱ्या रकान्यात ठेवली, जोड्या लावल्या. मग लक्षात आलं की हेच आधी करायला हवं होतं. जुनं नाव आणि नवं नाव अशी यादी समोर ठेवायची, ती कागदासारखी वाचायची, आणि मगच बॅच फाईल बनवायची. छापखान्यात प्रूफ वाचल्याशिवाय आम्ही प्लेट करत नाही. नावं बदलतानासुद्धा प्रूफ हवं.

आता माझी पद्धत अशी आहे. ज्या फोल्डरमध्ये काम आहे तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडते. पहिली आज्ञा ‘सीएचसीपी 65001’. ही नाही दिली तर ज्या फोल्डरांची नावं मराठीत किंवा कन्नडमध्ये आहेत त्यांच्या जागी यादीत नुसती प्रश्नचिन्हं उतरतात. काळ्या खिडकीत अक्षरं चौकोन दिसली तरी घाबरू नये, फाईलमध्ये ती नीट असतात. मग ‘डीआयआर /बी /एडी’ आणि पुढे बाण काढून मजकुराच्या फाईलचं नाव. सगळ्या फोल्डरांची नावं त्या फाईलमध्ये एकाखाली एक येतात. ती नोटपॅडमध्ये उघडून एक्सेलच्या पहिल्या रकान्यात चिकटवते.

चिकटवायच्या आधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करायला विसरू नका. मी एकदा विसरले. आमची कितीतरी फोल्डरं नुसत्या तारखेच्या नावाची होती, ‘8-12’ वगैरे, आणि एक्सेलने त्यांच्या खऱ्या तारखा केल्या, वरून चालू वर्षही जोडलं. यादीतलं जुनं नाव डिस्कवरच्या नावाशी जुळेना, त्या सगळ्या ओळी फुकट गेल्या.

दुसऱ्या रकान्यात नवं नाव. याचा साचा मी ठरवला: आधी वर्ष, महिना, दिवस, मग गाव, मग आडनाव, मग काम. वर्ष आधी लिहिलं की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. गावाचं स्पेलिंग एकच. त्यासाठी मी गावांची वेगळी यादी केली, 94 गावं झाली, चंदगड तालुक्यातली धरून, कारण तिकडची बरीच गिऱ्हाइकं इकडेच येतात. कामाचा शब्द ‘लग्न’ ठेवला. कन्नड पत्रिकांनाही तोच, कारण आमच्या भागातल्या कन्नड पत्रिकेवरसुद्धा ‘लग्नपत्रिके’ असं छापतातच, तो शब्द दोघांचा आहे. तो गोकाकचा मुलगा आता स्वतःचं दुकान चालवतो, एकदा आला होता तेव्हा त्याला दाखवलं. म्हणाला, “अक्का, हे बरोबर आहे, मला पण सापडतंय.”

तिसऱ्या रकान्यात सूत्र असतं. ते पहिल्या दोन रकान्यांना अवतरणचिन्हांत घालून पुढे ‘रेन’ लावतं. म्हणजे ओळ अशी तयार होते: रेन "पाटील उचगाव एलपी 8-12" "2019-12-08 उचगाव पाटील लग्न". (खरी ओळ इंग्रजी अक्षरांत असते.) चौथ्या रकान्यात तेच सूत्र उलटं, नवं नाव आधी आणि जुनं नंतर. तिसरा रकाना नोटपॅडमध्ये चिकटवून एक बॅच फाईल, चौथा चिकटवून दुसरी, तिचं नाव ‘उलट’. दोन्हींची पहिली ओळ ‘सीएचसीपी 65001’. जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 निवडायचं, ‘बीओएम’ लिहिलेलं निवडायचं नाही, नाहीतर पहिलीच ओळ चालत नाही. फाईलचा प्रकार ‘सर्व फाईली’ करायचा, नाहीतर नावाच्या शेपटीला टीएक्सटी लागतं आणि ती बॅच फाईल राहत नाही.

बस, एवढंच. यात ‘फॉर’ नाही, ‘सेट’ नाही. प्रत्येक ओळ म्हणजे एक जुनं नाव आणि एक नवं नाव. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीला संगणकाच्या आज्ञा येत नाहीत, पण ही फाईल तिला वाचता येते आणि ‘वैनी, इथं कडोलीचं कंग्राळी झालंय’ असं ती मला सांगते. भाच्याची फाईल हुशार होती, ही साधी आहे. मला साधी हवी, कारण ती दोन माणसांना तपासता येते.

चालवायच्या आधी मी रंगीत तालीम करते. ‘एक्सकॉपी’ला ‘/टी /ई’ लावलं की आतल्या फाईली सोडून नुसता फोल्डरांचा सांगाडा दुसरीकडे तयार होतो. रिकामी फोल्डरं, नावं तीच. त्यावर बॅच फाईल चालवायची, काय होतं ते बघायचं, सांगाडा पुसून टाकायचा. हा उपाय मला भाच्याने सांगितला, आणि मागच्या प्रसंगानंतर त्यानेच तो शोधून आणला, हे त्याचं श्रेय.

काही दोष मात्र कायम राहतात.

नाव बदलता आलं नाही तर हे यंत्र कारण नीट सांगत नाही. त्या नावाचं फोल्डर आधीच आहे आणि जुनं फोल्डर सापडतच नाही, या दोन पूर्ण वेगळ्या अडचणींना एकच वाक्याचा संदेश येतो. आमच्याकडे पहिली अडचण वारंवार येते. चांगल्या मुहूर्ताच्या दिवशी एकाच गावात दोन पाटलांची लग्नं असतात. 2019 च्या डिसेंबरात एका तारखेला येळ्ळूरमध्ये आमच्याच छापखान्याच्या तीन पत्रिका होत्या, दोघांचं आडनाव एक. म्हणून आता आधी एक्सेलमध्येच ‘काउंटइफ’ लावून नव्या रकान्यात कोणतं नाव दोनदा आलंय ते बघते आणि तिथे नवरदेवाचं नाव जोडते.

कोणी त्या फोल्डरमधली फाईल उघडून बसलं असेल तर ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं, आणि कोणत्या फोल्डरला ते सांगत नाही. म्हणून दोन गोष्टी. हे काम रात्री, सगळ्यांची यंत्रं बंद झाल्यावर करायचं. आणि जिकडेतिकडे शिकवतात तशी पहिली ओळ ‘एको ऑफ’ लिहायची नाही. ती नसली की प्रत्येक आज्ञा चालताना दिसते आणि कोणत्या ओळीखाली तक्रार आली ते कळतं. सगळं बाहेर पडणारं मी एका लॉग फाईलमध्ये वळवते आणि सकाळी चहाबरोबर वाचते.

टक्क्याचं चिन्ह नावात असेल तर बॅच फाईलमध्ये ते दोनदा लिहावं लागतं, एकदा लिहिलं तर गायब होतं. ‘आणि’च्या इंग्रजी चिन्हाची मला फार धास्ती होती, कारण नवरा-नवरीच्या मध्ये ते सगळेच लिहितात आणि कमांड प्रॉम्प्टला ते दिसलं की तो पुढचा भाग वेगळी आज्ञा समजतो. पण दोन्ही नावं अवतरणात असली की काही होत नाही. अवतरणचिन्ह एकाही ओळीत विसरायचं नाही, आणि सूत्राने ओळी केल्या तर ते विसरलंही जात नाही.

काही गोष्टी विंडोजच नाकारतं, बॅच फाईलचा त्यात दोष नाही. तिरकी रेघ, विसर्गासारखी दोन टिंबं, प्रश्नचिन्ह, तारा ही चिन्हं फोल्डरच्या नावात चालत नाहीत, त्यामुळे ‘चि./सौ.कां.’ असं काही घालायची हौस सोडून द्यावी. नावाच्या शेवटचं टिंबही विंडोज मुकाट्याने काढून टाकतं. ‘पाटील आर. बी.’ लिहिलं तर डिस्कवर ‘पाटील आर. बी’ राहतं, आणि मग उलट फाईल करताना हे लक्षात ठेवावं लागतं.

सगळ्यात मोठं नुकसान मला दुसऱ्याच ठिकाणी झालं, आणि ते कोणी सांगितलं नव्हतं म्हणून इथे सांगते. आमच्या एका जुन्या विंडोज 7 च्या संगणकावर अजून पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर आहे, कारण 10-12 वर्षांपूर्वीचे पतसंस्थांचे अहवाल त्यातच आहेत आणि दरवर्षी तेच उघडून आकडे बदलतात. गणपती, कलश, तोरणं ही चित्रं आम्ही एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवतो. उत्साहात मी त्या फोल्डरचंही नाव सुधारलं. दुसऱ्या दिवशी अहवाल उघडला तर चित्र कुठे आहे म्हणून विचारायला लागला, कारण पेजमेकर चित्राचा पत्ता लक्षात ठेवतो आणि पत्ता बदलला होता. ‘उलट’ फाईलमधली ती एकच ओळ चालवली आणि गणपती जागेवर आले. डीटीपी करणाऱ्यांनी चित्रांच्या फोल्डरांना हात लावू नये.

त्याच संगणकामुळे मराठीतली फोल्डर-नावं मला सोडावी लागली. मला मनापासून हवं होतं की डिस्क उघडली की ‘उचगाव’, ‘नंदगड’ असं आपल्या अक्षरांत दिसावं. कमांड प्रॉम्प्टने ते करून दाखवलंही. पण युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींची संगणकातली सामाईक अक्षरपद्धत, न कळणारं जुनं सॉफ्टवेअर मराठी नावाच्या फोल्डरमधली फाईल उघडेना. म्हणून डिस्कवर नावं इंग्रजी अक्षरांत ठेवली आणि एक्सेलच्या यादीत पाचवा रकाना केला, मराठीत: गाव, दोन्ही घराणी, वधू-वरांची नावं, पत्रिकेवर होती तशीच, वेलांट्यांसकट. शोध आता आम्ही त्या यादीतच घेतो.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. विंडोजमध्येच अनेक फोल्डरं निवडून एफ2 दाबलं तर सगळ्यांना एकच नाव आणि कंसात 1, 2, 3 मिळतात, ते आमच्या उपयोगाचं नाही. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या फुकट संचात पॉवररिनेम आहे. ते मी विंडोज 10 वर वापरलं. जुनं आणि होणारं नाव शेजारी शेजारी दाखवतं, आणि एकच शब्द सगळीकडे बदलायचा असेल तर मी बॅच फाईल न करता तेच वापरायला सांगेन. ते असतं तर ‘शिलग्ना’ मला आधीच दिसली असती. पण प्रत्येक फोल्डरला स्वतंत्र नाव देणारी यादी त्याला देता येत नाही, आणि काम झाल्यावर काय बदललं याचा कागद तुमच्या हातात राहत नाही. विंडोज 7 वर ते चालतही नाही. भाचा आता पॉवरशेल घे म्हणतो, ती विंडोजमधलीच आज्ञा द्यायची नवी खिडकी. तिथे ‘व्हॉट-इफ’ लावलं की नुसती तालीम होते, यादीची फाईलही थेट वाचता येते. मी करून बघितलं, चांगलं आहे. पण स्क्रिप्ट चालवायला आधी परवानगीची मांडणी बदलावी लागते, आणि तिथली ओळ आमच्याकडच्या नव्या मुलीला वाचता येत नाही. ‘रेन’ची येते.

मी या पद्धतीला पाचपैकी चार देईन. एक गुण त्या दुहेरी संदेशाचा आणि परत फिरायची सोय नसल्याचा कापला. एक्सप्लोररमध्ये बदललेलं नाव कंट्रोल झेडने मागे येतं, ‘रेन’ने बदललेलं येत नाही. उलट फाईल तुमची तुम्हालाच करून ठेवावी लागते. ज्यांच्याकडे 50 फोल्डरं आहेत त्यांनी या वाटेला जाऊ नये, हाताने करावीत. छापखाना, फोटो स्टुडिओ, वकिलांची कचेरी, सर्व्हेअर, जिथे नावं माणसांची आणि गावांची आहेत आणि ती दोन-तीन भाषांत लिहिली गेली आहेत, तिथे मला याहून बरी गोष्ट मिळाली नाही.

दर वेळच्या दोन्ही बॅच फाईली आणि ती यादी मी तारीख घालून एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते, आणि यादीची छापील प्रत काउंटरच्या खणात. अजूनही एखादं गिऱ्हाईक जुन्या बिलावरचा आमचा जुना फाईल नंबर सांगत येतं. तेव्हा ती प्रत काढून जुन्या नावावर बोट ठेवायचं आणि शेजारचं नवं नाव वाचायचं. उचगावच्या त्या बाईंच्या थोरल्या मुलीची पत्रिकाही अशीच यादी करताना सापडली, बेळगुंदीच्या एका यात्रेच्या फोल्डरमध्ये, ‘नवीन फायनल’च्या आत. मी ती छापून एक प्रत त्यांच्या गावच्या माणसाबरोबर पाठवून दिली.

2008 ते 2010 ची कामं अजून सीडीवर आहेत. या आषाढात ती डिस्कवर उतरवून घ्यायची आहेत, साधारण 500 फोल्डरं निघतील. यादी आधी, तालीम मग, आणि शिल्पा-कल्पनांच्या ओळी मी स्वतः वाचणार आहे.